बंडखोरांसाठीही एक तास ठेवा : मुख्याध्यापकांना आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि इतिहास-नागरिकशास्त्र शिकवणारे सर आणि बाई यांस,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की संविधान दिनाची तयारी सुरू होते. प्रभातफेरी, उद्देशिकेचं सामूहिक वाचन, फलकलेखन, निबंध, वक्तृत्व, आणि संध्याकाळपर्यंत फोटोंसह अहवाल केंद्रप्रमुखांच्या गटावर. निवृत्तीनंतर मी आसपासच्या शाळांत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे ही धावपळ बाहेरून पाहायला मिळते. मुलं धीट झाली आहेत, आवाज खणखणीत असतात. पण बहुतेक भाषणं एकाच वाटेने जातात: दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस, ३९५ कलमं, आठ अनुसूची, जगातलं सर्वांत मोठं लिखित संविधान, टाळ्या. सतरा दिवस की अठरा, यावर मुलांची खडाजंगी होते. त्या दिवशी शाळेत होणारा वाद तेवढा एकच.

सतरा हा आकडा खुद्द डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात सांगितला होता. त्या भाषणातले दोन उतारे आपल्याकडे भिंतीवरही लावलेले असतात: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती, आणि राजकारणातली भक्ती म्हणजे अधःपतनाची वाट. तिसरा एक उतारा मात्र भिंतीवर कधी दिसत नाही. बाबासाहेब म्हणाले, सगळ्या सभासदांनी पक्षशिस्तीपुढे मान तुकवली असती तर या सभेचं कामकाज फार रटाळ झालं असतं. पक्षशिस्त पूर्ण कडकपणे पाळली गेली असती तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती. सुदैवाने इथे बंडखोर होते. मग त्यांनी नावं घेतली: कामत, डॉ. पी. एस. देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव. आणि त्यांच्या जोडीला प्रा. के. टी. शहा आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. त्यांच्या सूचना मला स्वीकारता आल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असंही ते म्हणाले.

हे डॉ. पी. एस. देशमुख म्हणजे आपले अमरावतीचे पंजाबराव. विदर्भात कितीतरी शाळांत त्यांची तसबीर आहे. कृषिमहर्षी आणि शिक्षणसंस्थेचे संस्थापक म्हणून मुलं त्यांना ओळखतात. ते संविधान सभेतले बंडखोर होते, आणि तो शिक्का बाबासाहेबांनी कौतुकाने मारला होता, हे त्या तसबिरीखाली बसून शिकणाऱ्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

मागणं एवढंच आहे. यंदा २६ नोव्हेंबरला एक तास या बंडखोरांना द्या. संविधान कसं तयार झालं हे त्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या: कोण काय म्हणालं, कोण हरलं, का हरलं. आज मुलांच्या मनात जे चित्र आहे त्यात थोर माणसं जमतात, गंभीरपणे लिहितात आणि देशाच्या हाती एक ग्रंथ ठेवतात. ते चित्र गोड आहे, पण त्यात मुलांना करायला काही उरत नाही. ग्रंथाची पूजा करायची, झालं.

आधी सभेची गोष्ट. ही सभा तुम्ही-आम्ही मत देऊन निवडलेली नव्हती. १९४६ च्या जुलैत प्रांतांच्या विधानसभांनी तिचे सभासद निवडले, आणि त्या विधानसभाच मुळी शिक्षण, मालमत्ता, कर अशा अटी पुऱ्या करणाऱ्या मोजक्या मतदारांच्या होत्या. संस्थानांचे प्रतिनिधी तर वेगळ्याच वाटेने आले. ठरलेल्या जागा ३८९, फाळणीनंतर उरल्या २९९. स्त्रिया पंधरा. हा दोष सभेतल्या लोकांना दिसत नव्हता असं नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात मसुद्यावर चर्चा सुरू होताच दामोदर स्वरूप सेठ उभे राहिले आणि म्हणाले की प्रौढ मतदानाने निवडून न आलेल्या या सभेला देशाच्या वतीने राज्यघटना मंजूर करण्याचा अधिकारच पोहोचत नाही. हे भाषण कुणी कामकाजातून काढून टाकलं नाही. ते छापलं गेलं, आजही वाचता येतं.

मराठी मुलखापुरतं पाहिलं तरी चित्र एकसारखं नव्हतं. मुंबई प्रांताचे आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाचे सभासद सभेत होते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबादने या सभेत प्रतिनिधी पाठवलेच नाहीत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, पुढे निजामाच्या फर्मानाने संविधान तिथे लागू झालं. गोवा तर डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. बाराव्या घटनादुरुस्तीने तो संघराज्यात नोंदला गेला. औरंगाबाद-नांदेडच्या, पणजी-मडगावच्या वर्गात ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना मुलांनी विचारलं पाहिजे की तेव्हा आमचं कोण होतं तिथे. या प्रश्नाला तयार उत्तर नाही. तरी तो विचारू द्या.

सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची. मुस्लिम लीगने बहिष्कार टाकलेला. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. आज आपण त्याला उद्देशिकेचा पाया म्हणतो. त्या आठवड्यात तो वादाचा विषय होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी दुरुस्ती सुचवली: लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत हा ठराव थांबवा. काँग्रेसच्या बाकांवर नाराजी पसरली. १७ तारखेला अध्यक्षांनी अचानक आंबेडकरांना बोलायला बोलावलं. यादीत आपल्या आधी वीस-बावीस नावं आहेत, आज पाळी येईल असं वाटलं नव्हतं, असं म्हणतच ते उठले. ते निवडून आले होते बंगालमधून, आणि काँग्रेसचे कडवे टीकाकार म्हणून सभागृह त्यांना ओळखत होतं. त्यांनी जयकरांची बाजू घेतली. आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिकदृष्ट्या दुभंगलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्या आहोत, आणि त्यातल्या एका छावणीचा मी नेता असेन, असं ते म्हणाले. पण योग्य वेळ आणि परिस्थिती आली की आपल्याला एक होण्यापासून जगात कुणी अडवू शकणार नाही, असंही लगेच सांगितलं. आपली अडचण शेवट कुठे व्हावा ही नाही, सुरुवात कशी करावी ही आहे.

त्याच भाषणात ठरावावर त्यांचा एक नेमका आक्षेप होता. ठरावात हक्क आहेत, पण हक्क मोडला तर दाद कुठे मागायची ते नाही. आणि दाद नसलेला हक्क फुकाचा. आता १९४८ च्या डिसेंबरात या. सर्वोच्च न्यायालयात थेट दाद मागण्याच्या हक्काचं कलम, आजचं ३२ वं, चर्चेला आहे, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून आंबेडकर सांगत आहेत की सगळ्या संविधानातलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं असं मला विचारलं तर मी हेच दाखवीन, हा संविधानाचा आत्मा आहे. ‘कलम ३२ : संविधानाचा आत्मा’ ही जोडी आपण ‘जोड्या लावा’मध्ये टाकतो. पण दोन वर्षांपूर्वी विरोधी सुरात उभ्या राहिलेल्या एका सभासदाची तक्रार कलम होऊन संविधानात आली, ही गोष्ट सांगितली तर जोडी पाठ करावी लागत नाही.

जयकरांबद्दल एक गंमत, जी इतिहासानेच केली आहे. फाळणी ठरली आणि आंबेडकरांची बंगालची जागा गेली. तोवर जयकरांनी राजीनामा दिला होता. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून कळवलं की आंबेडकर सभेत हवेत. (तेव्हा प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांना पंतप्रधानच म्हणत, परीक्षेत मुलं इथे हमखास गोंधळतात.) जयकरांच्या रिकाम्या जागेवर आंबेडकर मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि त्यांच्याकडे तिचं अध्यक्षपद आलं.

संविधान लिहिलं कोणी, यावर दरवर्षी याच सुमारास समाजमाध्यमांवर जुंपते, आणि तुमच्या वर्गातली मुलं ते वाचतात. एक बाजू म्हणते सगळं एकट्या बाबासाहेबांनी लिहिलं, दुसरी म्हणते ते फक्त एका समितीचे अध्यक्ष होते. दुसरं बोलणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा स्वच्छ नसतो, हे माझं मत मी लपवत नाही. पण त्याला उत्तर म्हणून मुलांच्या हातात घोषणा देण्यापेक्षा दोन भाषणं द्या. पहिलं टी. टी. कृष्णमाचारींचं, ५ नोव्हेंबर १९४८ चं. ते स्वतः मसुदा समितीचे सभासद. ते सांगतात: समितीवर सात जण नेमले, एकाने राजीनामा दिला, त्याच्या जागी दुसरा आला, एक वारला, ती जागा तशीच राहिली, एक अमेरिकेत, एक संस्थानांच्या कामात गुंतलेला, एक-दोघं प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर, शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. दुसरं भाषण आंबेडकरांचंच, २५ नोव्हेंबर १९४९ चं. तिथे ते म्हणतात की मला दिलं जाणारं श्रेय माझं एकट्याचं नाही. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी कच्चा मसुदा केला. मसुदा समितीचे सभासद १४१ दिवस बसले. आणि याहून मोठा वाटा मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचा, गुंतागुंतीचा विचार सोप्या, नेमक्या शब्दांत बसवण्याचं कसब त्यांच्याकडे होतं. एक सहकारी म्हणतो भार याच माणसाने वाहिला, आणि तो माणूस श्रेय वाटून देतो. ही दोन भाषणं ज्या मुलाने शेजारी ठेवून वाचली, त्याला पुढे कुणी फॉरवर्ड पाठवून फसवू शकणार नाही.

मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार झाला. तो कपाटात न ठेवता लोकांपुढे ठेवला गेला, मतं मागवली गेली. चर्चेत सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. नझिरुद्दीन अहमद यांच्यासारखे सभासद स्वल्पविरामापर्यंत खाली उतरत, आणि ही ‘ड्राफ्टिंग’ नव्हे, ‘ड्रिफ्टिंग’ म्हणजे भरकटलेली कमिटी, असा शब्दांचा खेळ करून मसुदा समितीला चिमटे काढत. त्या काळात प्रेक्षक सज्जात ५३,००० लोक येऊन बसून गेले, असं राजेंद्रप्रसादांनी शेवटी सांगितलं. बाहेर काय चाललं होतं ते आठवून हे आकडे वाचा. निर्वासितांचे लोंढे, काश्मीरची लढाई, गांधीजींचा खून. असल्या काळात या लोकांनी स्वल्पविरामावर वेळ घालवला. मला ते फार मोठं वाटतं.

आता वर्गात काय करायचं त्याबद्दल. पहिला वाद मी ग्रामीण शाळांसाठी सुचवतो: खेड्याचा. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना आंबेडकरांनी खेड्यांवर कोरडे ओढले. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची, कोत्या मनाची आणि जातीयतेची गुहा. मसुद्याने खेडं सोडून व्यक्तीला मूळ घटक मानलं याचा मला आनंद आहे. सभागृहात गांधीवाद्यांची संख्या मोठी, ते उसळले. कामतांनी ही शहरी उच्चभ्रू वृत्ती आहे असं सुनावलं. इतरही अनेकांनी ग्रामस्वराज्याचं नाव घेऊन मसुद्यावर झोड उठवली. मग २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी दुरुस्ती आणली: राज्याने ग्रामपंचायती स्थापाव्यात आणि त्यांना अधिकार द्यावेत. आंबेडकरांनी ती वाद न घालता स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. त्याला खरे हातपाय फुटले १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने. तिच्यामुळेच ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली आणि स्त्रिया आरक्षित जागांवरून सरपंच झाल्या.

मुलांना विचारा: बरोबर कोण होतं? घाई करू नका. वेशीबाहेरच्या वस्तीतून शाळेत येणाऱ्या मुलीचं उत्तर आणि पाटलाच्या वाड्यातून येणाऱ्या मुलाचं उत्तर वेगळं येईल. ते येऊ द्या. ज्या विहिरीचं पाणी अजून सगळ्यांना सारखं मिळत नाही त्या गावात आंबेडकरांचं वाक्य पुस्तकी नाही. आणि जिथल्या ग्रामसभेने दारूचं दुकान बंद पाडलं तिथे कामत-संथानम यांचं म्हणणंही पुस्तकी नाही.

दुसरा वाद देवाचा. हे वाचून काही मुख्याध्यापक खुर्चीत सावरून बसले असतील, म्हणून तपशिलात सांगतो. १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिका चर्चेला. मध्यप्रांत-वऱ्हाडाचे हरी विष्णू कामत यांची दुरुस्ती होती की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक’ अशी व्हावी. आयसीएसची सनदी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला हा माणूस मनापासून आस्तिक. रोहिणीकुमार चौधरींनी विचारलं, ईश्वरच का, देवी का नको? थानू पिल्ले म्हणाले, श्रद्धा ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, ही दुरुस्ती सक्ती ठरेल. कुंझरूंनी दाखवून दिलं की ज्या उद्देशिकेत विचार, श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य द्यायचं तिलाच हे विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करण्याच्या संकटात आम्हाला टाकू नका. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद स्वतः नित्यनेम पाळणारे. त्यांनीही दुरुस्ती मागे घ्यायला सुचवलं. कामत ऐकेनात, त्यांनी मतमोजणी मागितली. बाजूने ४१, विरोधात ६८. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस, असं कामत म्हणाले, आणि खाली बसले.

हे वर्गात करताना निकाल आधी सांगू नका. पाच जणांना पाच भाषणं द्या, बाकीच्यांना मत द्यायला लावा, आणि मग फळ्यावर ४१ आणि ६८ लिहा. एक गोष्ट मुलांच्या लक्षात यायला हवी: विरोधात मत देणाऱ्या ६८ जणांत देव न मानणारे फार थोडे असणार. बहुतेक जण घरी पूजा-नमाज-प्रार्थना करणारे होते. त्यांनी देवाविरुद्ध मत दिलं नव्हतं. राज्याच्या कागदावर तो लिहू नये असं त्यांना वाटलं. हा फरक पंधरा वर्षांच्या मुलांना समजत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मुलांशी अलीकडे बोलून पाहिलेलं नसावं.

तिसरा वाद शहरी शाळांना रुचेल, कारण तो मोबाइलपर्यंत येतो. काझी सय्यद करीमुद्दीन, हेही मध्यप्रांत-वऱ्हाडाचे. १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी दुरुस्ती मांडली: लोकांची शरीरं, घरं, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होणार नाही, हा मूलभूत हक्क असावा. आंबेडकर उठले आणि म्हणाले, मला मान्य आहे. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात हे आहेच, पण विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेलं बरं. म्हणजे मसुदा समितीच्या अध्यक्षांचा होकार. तरी सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकललं गेलं, आणि मतदानाच्या वेळी दुरुस्ती पडली. अध्यक्ष ‘हो’ म्हणाले आणि सभा ‘नाही’ म्हणाली. जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे खाजगीपणाच्या हक्काचा खटला आला तेव्हा घटनाकारांनी हा हक्क नाकारला होता हा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वऱ्हाडच्या एका हरलेल्या वकिलाची दुरुस्ती अशी मागच्या दाराने परत आली. कोणाचा मोबाइल कोणी, कधी, कशाच्या आधाराने तपासावा, यावर नववी-दहावीची मुलं तुमच्यापेक्षा जास्त बोलतील.

बाकीचे वाद चवीपुरते. प्रा. के. टी. शहांना पहिल्याच कलमात ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ हे शब्द हवे होते. आंबेडकरांचं म्हणणं, समाजाची घडी कशी असावी ते पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, आपण त्यांचे हात बांधू नयेत. यातले दोन शब्द १९७६ मध्ये उद्देशिकेत आले, आणि तेही कोणत्या काळात आले ते मुलांना सांगा. के. हनुमंतय्या शेवटी शेवटी म्हणाले की आम्हाला वीणा-सतारीचं संगीत हवं होतं, मिळाला इंग्रजी बँड. भाषेच्या वादात तर अंक नागरी लिहायचे की आंतरराष्ट्रीय, यावर दिवसच्या दिवस गेले.

एक विषय असा आहे की तो तुमच्याइतका कुणालाच कळणार नाही: मतदार यादी. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून तुम्ही दारोदार फिरता, उन्हात, शाळा सांभाळून, आणि लोक तोंडावर दार लावतात. या कामाची सुरुवात संविधान पुरं होण्याआधीच झाली होती. संविधान सभेच्या सचिवालयाने १९४८ मध्येच प्रांतांना आणि संस्थानांना कळवलं की प्रौढ मतदानाच्या आधारावर याद्या करायला घ्या. कायदा अजून झालेला नव्हता, नागरिक कोण हे कलम ठरायचं होतं, आणि पाकिस्तानातून आलेली माणसं छावण्यांत पडून होती. त्यांनी ‘आम्ही इथेच राहणार’ असं लिहून दिलं की नाव घ्यायचं, असं ठरलं. बायकांच्या नावांचा घोळ तर विचारूच नका. अनेक प्रांतांत बाई स्वतःचं नाव सांगेना. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की अशा नोंदी चालणार नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं त्यामुळे पहिल्या यादीतून गेली. ते योग्य झालं की अन्याय? वर्गात विचारण्यासारखा हा चौथा प्रश्न. तरीही १९५१-५२ च्या निवडणुकीला यादीत सतरा कोटींहून जास्त माणसं होती, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती अठरा टक्क्यांच्या आसपास. राजेंद्रप्रसाद म्हणाले होते की खेड्यातल्या माणसाला लिहिता-वाचता येत नसेल, पण नीट समजावून सांगितलं तर स्वतःचं आणि देशाचं हित त्याला कळतं. जयपालसिंग मुंडा तर याच्याही पुढे गेले. १९४६ च्या डिसेंबरातच त्यांनी सभेला ऐकवलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, लोकशाहीची रीत तुम्हीच त्यांच्याकडून शिका. नंदुरबार, गडचिरोली, पालघरच्या आश्रमशाळांत हे भाषण फलकावर लावायला काय हरकत आहे?

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. तासिका पुरत नाहीत, अभ्यासक्रम संपत नाही, ऑनलाइन माहिती भरण्यात अर्धा दिवस जातो. आणि भीतीही आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही: वर्गात देवाचा किंवा जातीचा विषय निघाला, एखाद्या मुलाने अर्धवट व्हिडिओ काढला, पालक फाटकाशी आले, तर शिक्षकाच्या मागे उभं कोण राहणार? म्हणूनच हे पत्र आधी मुख्याध्यापकांना आहे. हा तास तुमच्या सहीने वेळापत्रकात लावा. मुलांच्या हातात छापील उतारा द्या, कामकाजाच्या खंडाचं नाव आणि तारीख त्यावर असू द्या. मत शिक्षकाचं नसून १९४९ च्या सभासदाचं आहे हे कागदावर दिसलं की निम्मी भीती जाते. कामकाजाचे सगळे खंड लोकसभेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि बाबासाहेबांची भाषणं राज्य शासनानेच छापली आहेत. मराठीत उतारे करायला भाषेच्या शिक्षकांची मदत घ्या. दोन पानांचा अनुवाद नववीची मुलंही करतील.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बंडखोर म्हणजे नेहमी बरोबर, असं शिकवू नका. पंजाबरावांचंच उदाहरण घ्या. १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाच्या कलमावर ते म्हणाले की या मसुद्याने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यांत स्वस्त केलं आहे, आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला ते मिळावं अशी त्यांची दुरुस्ती होती. ती फेटाळली गेली, आणि माझ्या मते फेटाळली गेली हे बरं झालं. तुमच्या वर्गात दुसरं मत निघेल. याच पंजाबरावांनी मागास वर्गांच्या नोकरीतल्या वाट्यासाठी ज्या चिकाटीने भांडण केलं त्याला तोड नाही. दोन्ही भाषणं द्या. कामतांचंही तसंच. देवाच्या मतदानात ते हरले. पण त्याच ऑगस्टमध्ये आणीबाणीच्या कलमांवर त्यांनी इशारा दिला होता की असली तरतूद लोकशाही देशांच्या घटनांत सापडत नाही, जवळचं उदाहरण आहे ते जर्मनीच्या वायमार घटनेचं, आणि हिटलरने याच तरतुदींचा फायदा घेतला. तेव्हाही सभेने त्यांचं ऐकलं नाही. १९७५ च्या जूनमध्ये काय झालं ते मुलांच्या पुस्तकात पुढच्या धड्यात आहेच.

स्पर्धांच्या निकषांत एक बदल सुचवतो. पाठांतर, उच्चार, हावभाव यांना गुण असू देत, पण निम्मे गुण प्रतिवादाला ठेवा. भाषण संपलं की समोरच्या मुलाने एक प्रश्न विचारायचा आणि वक्त्याने उत्तर द्यायचं. कळव्यात, कणकवलीत, करमाळ्यात, कुठेही हे जमेल; खर्च शून्य.

कुणाला हा तास करून पाहायचा असेल तर मी यायला तयार आहे, एसटीच्या भाड्याचीही अपेक्षा नाही. कामतांच्या बाजूने मी बोलेन. ६८ जणांची बाजू मांडणारी मुलगी तुम्ही तयार ठेवा, आणि तिला सांगून ठेवा की म्हाताऱ्या सरांना सवलत द्यायची नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक